अर्धाच भरा

मी देगलूरच्या सिंधुताईंच्या घरचा मग बोलतोय. माठावर पालथा असतो, तोच. अंग लोखंडाचं, वर तामचिनीचा पांढरा मुलामा, तोही तीन ठिकाणी उडालेला. बुडाला एक नाव आणि फौजेतला नंबर कोरलेला आहे.

माझा जन्म ऑस्ट्रेलियातला. वॉल्टर नावाच्या शिपायाच्या पिशवीला लटकून मी न्यू गिनीच्या जंगलात गेलो. साल १९४५. जपान्यांच्या कैदेतून सुटलेले हिंदुस्थानी शिपाई तिथं आम्हाला भेटले. त्यांतले एक निजामाच्या फौजेतले रेवणसिद्ध. हाडांवर नुसतं कातडं.

वॉल्टरनं मला पातळ दुधानं अर्धंच भरलं. रेवणसिद्धांनी घटाघट संपवून आणखी मागितलं, हात जोडले, रडले. तो थोडा वेळ थांबून पुन्हा अर्धाच देई. कारण सांगायला त्याच्याकडे त्यांची भाषा नव्हती. दुसऱ्या दिवशी मला रेवणसिद्धांपाशीच ठेवून त्याची तुकडी पुढं गेली.

त्याच रात्री शेजारच्या एका उपाशी कैद्यानं दुधाचा अख्खा डबा तोंडाला लावला. सकाळी तो उठला नाही. तेव्हा रेवणसिद्धांना कळलं, उपाशी पोटाला एकदम भरपूर झेपत नाही; अर्ध्यानंच आपण वाचलो. पण ज्याचे पाय धरायचे, तो निघून गेला होता.

घरी आल्यावर त्यांनी नियम केला. आल्यागेल्याला पाणी याच मगातून द्यायचं, आधी अर्धं, मग विचारून पुन्हा. कारण त्यांनी कधी सांगितलं नाही. गल्लीनं आमचं नाव ठेवलं, अर्ध्या मगाचं घर.

घरात त्यांना आप्पा म्हणत. ते गेल्यावर नातसून सिंधुताईंनी नियम पाळला. शेजारच्या धुरपताबाई पाणी पिताना हटकून म्हणायच्या, "सिंधे, बोअर आटला का गं तुमचा?"

"न्हाई मावशी. प्या की, अजून देते."

सिंधुताई हसायच्या. मला विसळताना मात्र जरा जोरात घासायच्या.

त्यांचा लेक आदिनाथ आता ऑस्ट्रेलियात नोकरीला आहे. फोनवर सांगत होता, "माय, इथं टीव्हीवर लई वाद चालू हाय. पाणबुड्या किती घ्यायच्या, लढाई झाली तर कुणाच्या भरवशावर ऱ्हायचं."

"मग काय ठरलं?"

"कशाचं ठरतंय."

त्यानंच माझ्या बुडाच्या नंबरावरून वॉल्टरच्या लेकीचा पत्ता काढला. परवा दुपारी त्याचा फोन आला, तेव्हा धुरपताबाई ओट्यावर बसून ऐकत होत्या. लेकीनं जपलेल्या वॉल्टरच्या वहीत एक नोंद होती. आदिनाथनं ती मराठीत सांगितली. "डॉक्टरचा हुकूम होता, म्हणून मी त्याला पोटभर दिलं नाही. त्याचे जोडलेले हात डोळ्यांपुढून जात नाहीत. तो जगला का?"

"त्याची लेक पंच्याऐंशीची हाय," आदिनाथ म्हणाला. "इचारतीय, जगला का."

सिंधुताईंनी मला माठावरून उचलून हातात घेतलं.

"सांग तिला, आप्पा ब्याण्णव वरसं जगले. त्यांच्या घरी अजून आधी अर्धाच देतेत, हे बी सांग."

मग धुरपताबाईंनी हात पुढं केला. "सिंधे, पानी दे गं. अर्धंच दे."

दिवाळीला आदिनाथ येईल आणि मला त्या लेकीकडे घेऊन जाईल. पाणबुड्यांचं मला काही कळत नाही. माझी एवढीच विनवणी आहे, मला काचेच्या कपाटात ठेवण्याआधी तिला माझ्यातून एकदा दूध द्या. आधी अर्धंच. मग विचारा.