पूल कुठून सुरू होतो

मी बोलतेय. मोटार. चार दारांची, अंगानं मोठी आणि वयानं त्याहून मोठी. ‘पेट्रोल ढोसणारी म्हातारी’ अशी या गल्लीत माझी बदनामी झाली आहे. ती करणाऱ्या एकालाही कधी वाटलं नाही की हिला विचारावं, बाई, तुझं काय म्हणणं आहे? म्हणून माझी बाजू आज मीच मांडते.

कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा माझ्या लांबीचं कौतुक होतं. पहिला मालक दातांचा डॉक्टर होता. तो मला चालवायचा कमी आणि पुसायचा जास्त. त्याच्याकडून मला मोजणीसाहेबांनी घेतलं. लोकांच्या जमिनी मोजून हद्दी ठरवणं हे त्यांचं काम. बांधावरून भांडणारे दोन भाऊ माझ्या टपाला टेकून एकमेकांचे वाभाडे काढायचे आणि साहेब शांतपणे साखळी टाकायचे. हद्दीचा दगड त्यांनी कोणासाठी वीतभरही सरकवला नाही. सख्ख्या मेहुण्यासाठीही नाही. तो मेहुणा अजून त्यांच्याशी बोलत नाही.

साहेब निवृत्त झाले त्याला अकरा वर्षं झाली. पण माझ्या डिकीला निवृत्ती मिळाली नाही. लोखंडी साखळी, तिपाई, खुंट्यांची पेटी, मोजणीची दुर्बीण आणि हद्दीचे नऊ दगड तिथेच राहिले. कोण कधी बोलावेल सांगता येत नाही, असं साहेब म्हणायचे. कोणीच बोलावलं नाही. दगड मात्र मी रोज भाजी आणायलासुद्धा नेत होते.

एका सकाळी चहा पिताना बाईंनी, म्हणजे साहेबांच्या पत्नीनं, विषय काढला. थोरल्या बहिणीकडे, म्हणजे ताईकडे, जायचं म्हटलं की साहेब आधी पेट्रोलचं रडगाणं गातात आणि मग जाणंच रद्द होतं, हे किती दिवस चालायचं? मग त्यांनी अट घातली.

“नदीचा पूल दहा किलोमीटरवर आहे, तुम्हीच मोजलाय. एका लिटरमध्ये ही पुलापर्यंत गेली तर राहू दे. तीनदा बघा. नाही गेली तर भंगारवाल्याला मी फोन करणार.”

साहेबांनी मान्य केलं. जीव माझा, आणि संमती त्यांची.

गॅरेजच्या मेस्त्रीनं बॉनेटखाली एक पारदर्शक बाटली बांधली, तिच्यात बरोबर एक लिटर पेट्रोल भरलं आणि तिची नळी इंजिनला जोडली. बाटली संपली की मी थांबणार. परतीचं पेट्रोल वेगळ्या डब्यात. जुन्या गाड्यांची ही खरी परीक्षा, तिथे पेट्रोलच्या काट्याची लबाडी चालत नाही.

पहिल्या खेपेला मी साडेसहा किलोमीटरवर, बेकरीसमोर बसले. साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी वाटेत उतरून पाव खात होते.

आता त्यांच्या पायाबद्दल बोलते, कारण दुसरं कोणी बोलणार नाही. पुढे लाल दिवा दिसला की शहाणा माणूस पाय उचलतो. साहेब दाबतात. दिवा पळून जाईल अशी त्यांना भीती. मग दिव्यापाशी करकचून ब्रेक. जाळलं त्यांनी, उधळलं त्यांनी आणि खादाड कोण? मी.

मेस्त्रीनं माझी एअर फिल्टरची जाळी काढून दाखवली, तर ती पायपुसण्यासारखी काळी. चारही चाकांत हवा कमी. मागच्या उजव्या चाकाचा ब्रेक कायम घासत होता.

“साहेब, हिला दोष देताय, पण ही दोन वर्षं नाक दाबून आणि पाय बांधून पळतेय,” तो म्हणाला. त्या मेस्त्रीला माझं आयुष्य लागो. जेवढं उरलंय तेवढं.

इतक्यात बाईंचे धाकटे दीर एक लोहचुंबक घेऊन आले. पेट्रोलच्या नळीला लावला की दुप्पट चालते म्हणे. भावजींचं मन मोडू नये म्हणून लावला. दुसऱ्या खेपेला मी आठ किलोमीटर गेले, ती मेस्त्रीनं जाळी, हवा आणि ब्रेक नीट केल्यामुळे. श्रेय मात्र भावजींनी चुंबकाला दिलं.

त्या दिवशी परतीचा डबा काढायला बाईंनी डिकी उघडली आणि त्या पाहतच राहिल्या.

“अहो, हे अजून इथेच आहे?”

“असू दे. लागतं कधी कधी.”

“कधी लागलं?”

साहेब डबा घेऊन बॉनेटकडे वळले. काही प्रश्नांपुढे इंजिननंसुद्धा बंद राहावं.

दुसऱ्या सकाळी त्यांनी स्वतःच सामान उतरवलं. बाईंनी एकेक दगड कुंड्यांच्या मध्ये नीट रांगेत मांडला. दुर्बीण तेवढी साहेबांनी सोडली नाही. ती मांडीवर घेऊन ते शेजारच्या सीटवर बसले, कारण बाई म्हणाल्या होत्या की शेवटची खेप त्या चालवणार. बावीस वर्षं त्यांच्याकडे लायसन्स आहे आणि बावीस वर्षं साहेब म्हणताहेत, गाडी मोठी आहे, तुला झेपणार नाही.

मला बाई झेपल्या. दूध उतू जाऊ नये म्हणून आच सांभाळावी, तसा त्यांचा पाय. लाल दिवा दिसला की उचलायच्या, मी आपली घरंगळत जायची आणि पोचेपर्यंत दिवा हिरवा. साहेब दोनदा “अगं, दाब” म्हणाले आणि नंतर मांडीवरची दुर्बीण सांभाळत बसले. बेकरी गेली. आठवा किलोमीटर गेला. पुलाचा कठडा दिसला आणि मी आचका दिला. होता नव्हता तेवढा जोर लावून घरंगळले आणि थांबले.

साहेब उतरले. पावलं मोजत पुलापर्यंत गेले, परत आले. चेहरा उतरला होता, पण माणूस तोच.

“अकरा पावलं कमी पडली,” ते म्हणाले. “खोटं कशाला बोलू.”

बाई माझ्या पुढच्या बंपरपाशी आल्या आणि चपलेच्या टोकानं धुळीत एक आडवी रेघ ओढली.

“तुमची मोजणी बरोबर आहे. पण अट माझी होती. पूल इथून सुरू होतो.”

जन्मात पहिल्यांदा साहेबांनी हद्द सरकताना पाहिली आणि हरकत घेतली नाही. दुर्बीण त्यांनी हळूच मागच्या सीटवर ठेवली.

आता दर मंगळवारी बाई मला ताईकडे नेतात. साहेब शेजारी बसतात, लांबूनच लाल दिवे ओळखून सांगतात आणि त्यात स्वतःचा अनुभव असल्याचं भासवतात. चुंबक फ्रिजच्या दाराला लागला आहे. भंगारवाला अधूनमधून गल्लीत येतो, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळतो. मीही त्याला न्याहाळते.

तुम्हाला एवढंच सांगते. घरातल्या म्हातारीला खादाड म्हणण्याआधी तिच्या चाकांत हवा आहे का बघा, तिच्या पाठीवर तुम्ही काय लादलंय ते बघा. आणि तरीही ती अकरा पावलं कमी पडलीच, तर पायात चप्पल आहे ना तुमच्या?