बाविसावं मिनिट

"ऐकलंत? बाविसावं मिनिट! आता तो कुऱ्हाड घेऊन जिन्यात येणार," छताकडे बोट दाखवत भूतमामांनी गिऱ्हाइकाला सांगितलं. वर धाडकन काहीतरी पडलं, पाठोपाठ बाईची किंकाळी. मामा खूश झाले.

मामांच्या सीडीच्या दुकानात फक्त भयपट मिळत. भिंतीवर बारा महिन्यांचा तक्ता होता: जानेवारीत बर्फातलं घर, मार्चमध्ये शाळेतलं भूत, मेमध्ये विहीर. वैद्यानं पथ्य सांगावं तसं मामा बजावत, "जेवून बघू नका, अन्न अंगी लागणार नाही."

दुकानाच्या बरोबर वर बस कंडक्टर राहायचा. दर रविवारी दुपारी तो सिनेमा न्यायचा. "मामा, किंकाळ्या भरपूर हव्यात. मिळमिळीत नको." असा रसिक लाखात एक, असं मामांचं मत. त्याची बायको घरी शिलाई करायची. एकदा ती हाताला पट्टी बांधून आली, "जिन्यावरून पडले," म्हणाली. "भुतानं ढकललं की काय, वहिनी?" मामांनी विचारलं. तीही हसली.

नोव्हेंबरात तक्त्यातले आरडाओरड्याचे सिनेमे संपले. मामांनी आपला सर्वांत आवडता काढला. त्यात मधली वीस मिनिटं कोणी चकार शब्द काढत नाही. खरं सांगितलं तर कंडक्टर नेणार नाही, म्हणून मामांनी थाप मारली, "कानठळ्या बसतील!" गड्याला एकदा चांगली गोडी लागू दे, एवढाच हेतू.

रविवारी अडीचला मामा डोळे मिटून वरचा सिनेमा ऐकत बसले. शांतता सुरू झाली. आता रिकामा व्हरांडा, हलणारा पाळणा.

आणि किंकाळी आली.

"इथे किंकाळी नाही," मामा चिडून पुटपुटले.

"नको हो! हात नको! मामाऽ!"

मामांनी खाडकन डोळे उघडले. शटर ओढायचा लोखंडी गज उचलून ते जिना चढले. तिसऱ्या लाथेला कडी तुटली. वहिनी शिलाई मशीनपाशी जमिनीवर पडली होती. तिच्या उजव्या पंजावर बुटाचा पाय देऊन कंडक्टर उभा होता, हातात इस्त्री. जळल्या कातडीचा वास सुटला होता. टीव्हीवर पाळणा हलत होता.

कंडक्टरनं वळून पाहिलं. "मामा, फसवलंत. मुकाच निघाला की हा!"

मामांनी गज त्याच्या गुडघ्यावर घातला. मग पुन्हा, त्याच गुडघ्यावर. हाड मोडल्याचा आवाज अगदी बारीक होता. सिनेमात तो फार मोठा करतात. शेजारी धावत आले तेव्हा मामा तिसऱ्यांदा गज उगारत होते. चौघांनी मिळून त्यांना धरलं.

दवाखान्यात वहिनीचा हात कोपरापर्यंत गुंडाळलेला होता. "मार्चपासून तुम्हालाच हाका मारत होते, मामा," ती म्हणाली. "खाली ऐकू येत नसेल."

हो म्हणून सुटता आलं असतं. पण मामांना तेवढंही खोटं बोलवेना.

"यायच्या, वहिनी. मी गिऱ्हाइकांना मिनिटं सांगत बसायचो."

वहिनीनं भिंतीकडे तोंड केलं.

पुढच्या रविवारी दुपारी दुकान उघडं होतं. वरच्या खोलीला कुलूप. एक गिऱ्हाईक तक्त्यापाशी उभं राहून विचारत होतं, "मामा, डिसेंबरला काय बघू?"

मामांची नजर छतावर होती.

"जरा गप्प बसा," ते म्हणाले. "ऐकू द्या."