घरीच होते

खुर्चीच्या जुन्या रेक्झिनचे खिळे ती पकडीने एकेक उपटत होती, तेवढ्यात नणंद मिठाईचा पुडा नाचवत आत आली.

"जिंकलो गं! अपील जिंकलो!"

मागोमाग वकीलबाई आल्या. "जिंकलोच," त्या चपला काढता काढता म्हणाल्या, "पण खटला पुन्हा चालणार."

नणंदेचा हात पुड्याच्या दोऱ्यावरच थांबला. भिंतीशी फोम कापत बसलेला उस्ताद उठून उभा राहिला. सोफे दुरुस्त करण्यात त्याचा हात धरणारा कोणी नाही म्हणून सगळे त्याला उस्ताद म्हणत, घरात बहीणसुद्धा. काही वर्षं आत काढून तो नुकताच जामिनावर घरी आला होता.

"शिक्षा रद्द झाली ना?" त्याने विचारलं.

"झाली."

"म्हणजे सुटलो."

"सुटला नाहीत. शिक्षा गेली, आरोप आहे तिथेच आहे."

"हे काय त्रांगडं?" नणंद म्हणाली. "एकाच गुन्ह्यासाठी माणसाला दोनदा उभं करता येत नाही म्हणतात ना?"

"निर्दोष सुटले असते तर नसतं करता आलं. पण इथे पहिला खटलाच नीट चालला नाही, असं वरच्या कोर्टाचं म्हणणं आहे. तो पुसला गेला. आता सगळं पहिल्यापासून."

"मग हा आत्ता आहे तरी कोण? गुन्हेगार की साधा माणूस?"

"आरोपी," वकीलबाई म्हणाल्या. नणंदेला ते काही केल्या पटेना. पुडा उघडावा की तसाच परत न्यावा, हेही तिला ठरवता येईना.

वकीलबाई खिळे उपटत बसलेल्या उस्तादच्या बायकोकडे वळल्या. "हे सगळं तुमच्यामुळे झालं. बायको नवऱ्याच्याच बाजूने बोलणार, म्हणून त्या न्यायाधीशांनी तुमची साक्ष अर्ध्यावर तोडली होती. या बाईचं पूर्ण ऐकायला हवं होतं, असं वरच्या कोर्टाने म्हटलंय. आता ऐकतील. खोदून खोदून विचारतील. सगळी भिस्त तुमच्यावर."

तिने मान डोलावली आणि पुन्हा खिळ्यांना हात घातला.

मालकाने उस्तादला कामावरून काढलं, त्याच रात्री मालकाचं गोदाम पेटलं. आत झोपलेल्या वॉचमनचे दोन्ही हात भाजले. उस्ताद जेवायच्या वेळेलाच घरी आले आणि नंतर कुठेच गेले नाहीत, असं तिने पोलिसांना सांगितलं आणि कोर्टातही. खरं तर तो उगवला तो पार सकाळी. अंगाला दारूचा भपका येत होता. आणखी कसला वास होता का, हे तिने स्वतःला कधी विचारलंच नाही. कोर्टात कोणी विश्वास ठेवला नाही, त्यामुळे ते खोटं तिला फारसं जडही गेलं नव्हतं. आता विश्वास ठेवणारी माणसं भेटली होती, आणि तिला काही सुचत नव्हतं.

कुठे होता, काय केलं, हे त्याला ठाऊक असणारच. आपण त्याच्यासाठी खोटं बोललो, हेही ठाऊक असणार. लाजेपोटी तो विषय काढत नाही, असं ती धरून चालली होती.

दोघी गेल्यावर उस्ताद तिच्याजवळ येऊन खाली बसला. कितीतरी दिवसांनी त्याच्या चेहऱ्यावर तरतरी दिसत होती.

"एक विचारू? हसू नकोस."

"विचारा."

"मी त्या रात्री चालत आलो, की कोणी आणून सोडलं?"

तिला वाटलं, तो तिची तयारी करून घेतोय. "असं काय विचारता? तुम्हाला माहीत नाही का?"

"नाही ना. गुत्त्यावर बसलो, तिथवर आठवतं. पुढचं सगळं साफ पुसलंय. पोलिसांनी उचललं तेव्हा मला वाटलं, मीच आग लावली असणार. राग तेवढा होता. मग तू सगळ्यांसमोर म्हणालीस, घरीच होते. तेव्हा कुठे माझ्या जिवात जीव आला."

तिने पकड खाली ठेवली.

"आत सगळे म्हणायचे, कबूल करून टाक, शिक्षा कमी होईल. मी म्हणायचो, माझ्या बायकोने शपथ घेऊन सांगितलंय, ती खोटं बोलत नाही. लोक हसायचे." तोही जरासा हसला. "पण झोप लागायची मला."

तिला रडू येत होतं आणि त्याचा रागही येत होता. एवढी वर्षं हा माणूस आपल्या शब्दावर निवांत झोपला, आणि आपण मात्र कूस बदलत राहिलो. त्याला सांगावं, तर त्याच्याजवळ काय उरतं? आणि न सांगता पुन्हा त्या पिंजऱ्यात कसं उभं राहायचं?

"या वेळी मीही शपथेवर सांगणार," तो म्हणाला. "फक्त सगळं नीट समजून घेतो तुझ्याकडून. चालत आलो?"

"चालत," ती म्हणाली. एवढं तरी खरं होतं.

"आणि आल्यावर जेवलो ना?"

तो तिच्याकडे बघत होता, तोंडपाठ करायला बसल्यासारखा. तिने पदराने हात पुसले, एकदा, मग परत एकदा.

"नाही," ती म्हणाली. "चहा घेतलात. उजाडलं होतं."