तीन बोटांचा ठसा

मी एक जुना प्लास्टरचा ठसा आहे. पांढरा, तळहाताएवढा, एका कडेचा टवका उडालेला. पाचोडजवळच्या माळावर एका लांडगीचं पाऊल चिखलात उमटलं आणि त्यातून मी जन्मलो. मित्रांनो, माझ्यावर तीनच बोटं आहेत, म्हणून मला खोटा समजू नका.

ते पाऊल दाखवलं मेंढपाळ कडुबानं. वन्यजीव वाचवायला आलेल्या विशाखाताई तेव्हा माळावर नवख्या होत्या. त्या ते पाऊल तुडवूनच पुढे गेल्या असत्या.

"ताई, थांबा. तिचं एक बोट फाशात गेलंय. दर साली इथंच व्याती ती," कडुबा म्हणाला. ताईंनी प्लास्टर कालवून चिखलात ओतलं.

मग चार वर्षं मी ताईंच्या पिशवीतून गावोगाव हिंडलो. तेव्हा लोक पिल्लं मारायला लांडग्याच्या बिळात धूर करायचे. कडुबाची आई द्वारकाबाई मला हातात धरून त्यांना सांगायची, "आमच्यात लांडग्यानं कोकरू नेलं तर चोरी म्हणत नाय. वाटा गेला म्हणतात." ताईंनी गावाला शब्द दिला, "तुम्ही धूर थांबवा, बीळ मी सांभाळते." धूर थांबला. माझं कौतुकही खूप झालं.

त्या कौतुकानंच घात केला. शहरात, उस्मानपुऱ्यातल्या एका पर्यावरण संस्थेनं मला प्रदर्शनासाठी मागून नेलं. माझ्याखाली चिठ्ठी लावली, तिच्यावर कडुबाचं नाव नव्हतं. प्रदर्शन संपलं आणि मी अध्यक्षांच्या टेबलावर कागद दाबत बसलो.

ते कागद कसले होते ठाऊक आहे? त्याच माळाचे! माळ पडीक आहे, यंत्रानं खड्डे खणून पाच हजार झाडं लावायची, असं त्यात लिहिलं होतं. कळताच शुक्रवारी ताई आणि कडुबा धावत आले. बिळात पिल्लं होती.

"झाडांना कुणी विरोध करतं का?" अध्यक्ष हसले. "आणि तिथं लांडगा आहे, याला पुरावा काय?"

कडुबानं मला उचललं. पंख्याच्या वाऱ्यानं कागद खोलीभर झाले. "ह्यो बघा, साहेब. कवापासून तुमच्याच टेबलावर हाय."

अध्यक्षांनी काम थांबवायचा निरोप दिला, पण सोमवारी. मधे सुट्टी होती म्हणे. यंत्र शनिवारीच बिळावरून फिरलं होतं.

द्वारकाबाई ताईंना एवढंच म्हणाली, "गावानं धूर केला नाय, बाई. तुमच्या शिकलेल्यांनी माती घातली." ताईंनी मला पिशवीतून काढून कडुबाच्या हाती दिलं. मला तर आजही त्या टेबलाची चीड येते.

आता मी कडुबाकडे असतो. रोज सकाळी तो मला पाणवठ्यावर नेतो आणि चिखलातल्या पावलांशी लावून बघतो. तीन बोटांचं पाऊल अजून दिसलेलं नाही. सोमवारपर्यंत लावलेली रोपंही पाण्यावाचून वाळली.

मित्रांनो, झाडं जरूर लावा. पण खड्डा खणण्याआधी तिथं मेंढरं चारणाऱ्याला एकदा विचारा. आणि मला काचेच्या कपाटात जपू नका. त्या लांडगीचं मी एकच पाऊल उरलो असेन, तर मला जपून काय करणार?