गव्हापुढचा आकडा

दीड वर्ष ठकीच्या तोंडात पावाचा एक तुकडा गेला नव्हता, आणि तिचा बाप बेकरीवाला होता.

ठकी हे तिचं लाडाचं नाव. साडेतीन वर्षांची असताना तिच्या कोपरांच्या लवणीत, गुडघ्यांच्या मागे आणि मानेवर इसब उठला. पोर इतकी खाजवायची की उशीच्या अभ्र्यावर रक्ताचे ठिपके पडायचे. घराजवळच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं. रिपोर्ट आला तो चार पानांचा. गहू, दूध, अंडं, सोया, शेंगदाणे असल्या एकेका पदार्थापुढे आकडे, आणि त्यातल्या सात आकड्यांपुढे वर तोंड केलेला लाल बाण. डॉक्टर म्हणाले, हे सातही पदार्थ बंद करा.

बायकोनं ती यादी फ्रिजवर चिकटवली आणि त्या दिवसापासून डोळ्यांत तेल घालून सांभाळली. ठकीचं ताट वेगळं, चमचा वेगळा, कुणाच्या वाढदिवसाला जायचं तर डबा बरोबर. बेकरीवाल्यानंही स्वतःपुरता एक नियम घातला. आपल्या अंगावर चोवीस तास मैदा, म्हणजे खरा गुन्हेगार आपणच, हे त्यानं मनाशी पक्कं धरलं होतं. घरी आला की आधी अंघोळ, मग कपडे बदलायचे, आणि तरीही लेकीला उचलताना हात आखडता. दारात धावत येणाऱ्या पोरीला तो म्हणायचा, "थांब गं, बाबा पिठाचा आहे." पुढे पुढे ती धावत यायची थांबली.

इसब कधी कमी व्हायचा, कधी उसळायचा. पूर्ण गेला असा आठवडा एकही नाही. बायको म्हणायची, "कुठून तरी पोटात जात असणार." आणि यादीत आणखी एखादी भर पडायची. टोमॅटो गेले, केळी गेली.

मग एका दुपारी शाळेच्या खेळांसाठी नवे बूट घ्यायचे होते म्हणून बेकरीवाला ठकीला दुकानात घेऊन गेला. दुकानदारानं पायाचं माप घेतलं, जुन्या बुटाच्या तळावरचा नंबर पाहिला आणि म्हणाला, "नवे कशाला घेताय? हेच बरोबर बसतायत."

"दीड वर्ष झालं हे घेऊन."

"असं? मग पाय वाढलेलाच नाही."

दुकानदार सहज बोलून गेला, पण बेकरीवाला ठकीला घेऊन तडक घरी निघाला. घरी आल्यावर त्यानं दाराच्या चौकटीवरच्या पेन्सिलीच्या खुणा पाहिल्या. शेवटच्या तीन खुणा एकावर एक बसल्या होत्या. शेजारच्या औषधाच्या दुकानात काटा होता, त्यावर ठकीला उभं केलं. वर्षभरात वजन अर्ध्या किलोनंही हललं नव्हतं.

"हे असं चालणार नाही," तो बायकोला म्हणाला. "मोठ्या डॉक्टरांना दाखवायचं."

"आणि ते म्हणाले सगळं खाऊ घाला, तर?"

"तर ऐकून घेऊ. पण विचारायचं तर खरं."

मुलांच्या मोठ्या रुग्णालयात त्वचेच्या ॲलर्जीचा विभाग होता. तिथं फोन केला तर चार महिन्यांनंतरची तारीख मिळाली. बेकरीवाल्यानं पिच्छा सोडला नाही. रोज सकाळी भट्टीतला पहिला घाणा निघाला की तो फोन लावायचा आणि विचारायचा, आज कुणी तारीख रद्द केली का? सोळाव्या दिवशी पलीकडची बाई म्हणाली, "तुम्ही बेकरीवाले ना? या परवा. एक जागा झालीये."

डॉक्टरीणबाई साठीच्या होत्या, बोलायला रोखठोक. त्यांनी रिपोर्ट बाजूला सारला आणि आधी ठकीला पायांच्या बोटांपासून कानांच्या मागपर्यंत तपासलं. मग एकामागून एक प्रश्न. पाव खाल्ल्यावर कधी ओठ सुजले होते? अंगावर गांधी उठल्या होत्या? उलटी? दम लागला होता? बायको आठवून आठवून सांगत होती. नाही. नाही. दूध तर बंद करण्याआधी ती रोज पीतच होती. नाही. अंड्याचं विचारलं तेव्हा ती अडखळली. "एकदा केक खाल्ल्यावर तोंडाभोवती लाल झालं होतं. पण तेव्हा सगळीकडेच लाल होतं."

बाईंनी ते लिहून घेतलं. मग रिपोर्ट पुढ्यात ओढला.

"हा जो आकडा आहे, तो आयजीई नावाच्या घटकाचा. तुमच्या मुलीच्या शरीराला गहू ओळखता येतो, एवढंच तो सांगतो. गहू बाधतो की नाही, हे तो सांगत नाही. इसब असलेल्या मुलांच्या रक्तात असे आकडे ढीगभर सापडतात. फाटलेल्या कातडीतून घरातलं सगळं थोडंथोडं आत जातं, आणि शरीर सगळ्यांची नोंद करून ठेवतं."

"मग आम्ही दीड वर्ष..." बायकोनं ठकीला जवळ ओढलं.

"तुम्हाला जे सांगितलं ते तुम्ही मनापासून केलंत. यात तुमचं काही चुकलेलं नाही." बाई थोड्या मऊ झाल्या. "पण आता माझं ऐका. इतकं सगळं बंद आहे म्हणून तिची वाढ थांबलीये. आधी कातडी बरी करायची. हे मलम स्टेरॉइडचं आहे, पण पुसट नाही, नीट लावायचं, घाबरायचं नाही. अंघोळीनंतर अंग ओलसर असतानाच क्रीम, रोज, इसब दिसत नसला तरी. आणि घरी परस्पर काहीही खायला द्यायचं नाही. इतके दिवस बंद ठेवलेली वस्तू एकदम दिली तर जे आधी होत नव्हतं तेही होऊ शकतं. इथं आणायचं, आमच्या डोळ्यांसमोर द्यायचं."

बेकरीवाल्यानं शेवटी विचारलंच. "माझ्या हाताला पीठ असतं..."

"हात धुता ना?"

"धुतो."

"मग उचला की पोरीला."

मलम लावायचं काम त्यानं स्वतःकडे घेतलं. मलम म्हटलं की बायकोचा हात कचरायचा, बोटावर कणभर घेऊन ती पुसट फिरवायची. कणीक मळणाऱ्या हाताला अंदाज असतो. किती घ्यायचं, कुठवर पसरायचं, हे त्याला दोनदा दाखवलं की पुरलं. पहिले काही दिवस ठकी रडली, मग तिनं त्यातून खेळ काढला. "बाबा, आता माझा पाव मळा," म्हणून पालथी पडायची. तिसऱ्या आठवड्यात कोपरांच्या लवणी स्वच्छ दिसू लागल्या. ताटात काहीच बदललं नव्हतं, आणि तरी नुसत्या मलमानं इसब ओसरला होता. बायको त्या लवणींवरून कितीतरी वेळ बोट फिरवत बसली. 

गव्हाच्या चाचणीचा दिवस आला. पाव घरून आणायला परवानगी होती. दूध, अंडं, सोया काही नको, एवढी अट. बेकरीवाल्यानं नवा साचा घेतला, टेबल तीनदा पुसलं आणि फक्त मैदा, पाणी, यीस्ट, मीठ घालून एक छोटा पाव भाजला. आयुष्यात हजारो पाव काढले असतील, पण हा भट्टीत असताना तो जागचा हलला नाही.

रुग्णालयातली खोली लहान होती. एक पलंग, दोन खुर्च्या, भिंतीवर घड्याळ. सिस्टरनं ठकीची नाडी मोजली, पोट दाबून पाहिलं, छातीला नळी लावली. काही झालंच तर द्यायचं म्हणून टेबलावर इंजेक्शन भरून तयार होतं. बायको त्या इंजेक्शनकडे पाठ करून बसली. पहिला घास म्हणजे नुसता चुरा, नखावर मावेल एवढा.

ठकीनं तो जिभेवर धरला. "हा तू केलास?"

"हो."

"भट्टीत?"

"भट्टीतच."

वीस मिनिटं गेली. मग वाटाण्याएवढा. मग त्याच्या दुप्पट. चौथ्या घासानंतर ठकी मान खाजवू लागली आणि तिथं लाल पट्टा उमटला. बायको उठून उभी राहिली. "थांबवा. पुरे झालं."

बेकरीवालाही उठला. त्यालाही तेच म्हणायचं होतं. पण त्यानं बायकोचा हात धरला आणि म्हणाला, "सिस्टरना बघू दे. त्या थांबवतील तर थांबू."

सिस्टरनं मान निरखली, ओठ पाहिले, पुन्हा छाती ऐकली, डॉक्टरीणबाईंना बोलावून आणलं. बाईंनी ठकीच्या फ्रॉकची कॉलर उलटी करून दाखवली. आत नव्या कपड्याचं कडक लेबल होतं. त्यांनी ते कात्रीनं कापून टाकलं. "तरी अर्धा तास वाट बघू," त्या म्हणाल्या. "घाई कुणाला आहे?"

अर्ध्या तासात पट्टा मावळला. त्यानंतर तीन घास झाले. शेवटचा म्हणजे अख्खा काप होता. ठकीनं तो कडेकडेनं कुरतडत संपवला, आणि दोन तास तिघं त्या खोलीत गाढवाची शेपूट कुठं लावायची, असले खेळ कागदावर काढून खेळत बसली. काही झालं नाही. नाडी ठीक, पोट ठीक. बाईंनी कागदावर एका ओळीत लिहिलं, गहू चालतो.

जिन्यात बायको एका पायरीवर बसली आणि पदर तोंडाला लावून रडली. बेकरीवाला तिच्या शेजारी बसला. जाणारे-येणारे वळसा घालून जात होते.

दुधाची चाचणी पुढच्या महिन्यात झाली आणि तीही पार पडली. एकेक करत सोया, शेंगदाणे, टोमॅटो, केळी असं बाकीचंही यादीतून गेलं. अंडं मात्र तसं गेलं नाही. दुसऱ्याच घासाला ठकीचा वरचा ओठ सुजला, पोटावर गांधी उठल्या, आणि तिला खोकल्याची उबळ आली. सिस्टरनं क्षणाचाही उशीर न करता मांडीत इंजेक्शन दिलं. दहा मिनिटांत पोर शांत झाली, पण त्या दहा मिनिटांत दोघांच्याही जिवाचं पाणी झालं.

संध्याकाळपर्यंत त्यांना तिथंच ठेवून घेतलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हे खरं निघालं. अंडं बंद. इंजेक्शन घरात एक, शाळेत एक. वर्षभरानं पुन्हा बघू, बऱ्याच मुलांचं सुटतं."

"सुटलं नाही तर?" बायकोनं विचारलं.

"तर त्यापुढच्या वर्षी पुन्हा बघू."

बेकरीवाल्याला वाटलं होतं, बायको आता कोलमडेल, परत जुनी यादी काढेल. ती घरी आली, फ्रिजवरचा कागद काढून फाडला आणि नव्या कागदावर एकच शब्द लिहून लावला, अंडं. मग शाळेच्या बाईंना इंजेक्शन कसं द्यायचं ते दाखवायला कधी येऊ, हे विचारायला फोन लावला.

बेकरीवाला दुसऱ्या दिवशी दुकानात गेला आणि मागची एक फळी रिकामी करायला घेतली. तिथं अंड्याशिवायचा माल वेगळ्या साच्यांत, वेगळ्या पंख्याखाली निवायला ठेवायचा होता. पहिला अंड्याविना केक बसका झाला. दुसरा रबरासारखा. तिसऱ्याचा तुकडा त्यानं चाखला, कपाळाला आठी घातली, आणि चौथ्यासाठी पीठ मोजायला घेतलं.