उत्तरेकडची भिंत

आमच्या घराला बाहेरून काय लावायचं यावर जेवढं बोलणं झालं, तेवढं माझ्या नवऱ्याच्या ऑपरेशनवरही झालं नव्हतं. ऑपरेशन फोनवर ठरलं. भिंतीनं सगळे कोरडे महिने खाल्ले.

घर ऐन झाडीत आहे. वर्षातले बरेच महिने पाऊस, उरलेल्यात धुकं, आणि दोन्ही नसेल तेव्हा पानांवरून टपटप चालूच. घर लाकडाचं. उत्तरेकडच्या भिंतीला ऊन म्हणून कधी दिसत नाही. तिथल्या फळ्या हिरव्याकाळ्या पडल्या होत्या. नख लावलं की चहात बुडवलेल्या बिस्किटासारख्या सुटायच्या. आणि नेमका त्याच भिंतीला लागून माझ्या सासूबाईंचा पलंग.

सासूबाईंची छाती मूळची नाजूक. गेल्या पावसाळ्यात त्या इतक्या खोकल्या की शेवटी मी त्यांना जवळजवळ उचलूनच दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी छातीचा फोटो बघितला आणि आडपडदा न ठेवता सांगितलं, "औषधं मी देईन. पण या त्याच ओल्या खोलीत झोपत राहिल्या तर औषधांचा काही उपयोग नाही. पुढच्या पावसाच्या आत एक तर खोली कोरडी करा, नाहीतर यांना तिथून हलवा."

हलवायचं म्हणजे नणंदेकडे, शहरात, तिसऱ्या मजल्यावर. सासूबाई म्हणाल्या, "मी माझ्या घरातून निघेन ती आडवीच." त्यांना वाटलं आम्ही हसू. कोणी हसलं नाही.

तेव्हा प्रश्न असा होता, की पावसाच्या आत ती भिंत कोरडी होते की नाही. बाकी सगळं त्यापुढे फालतू होतं, पण बोलणं मात्र बाकीच्यावरच फार झालं.

माझ्या सासऱ्यांचं आयुष्य लाकूड कापायच्या गिरणीत गेलं. करवतीवर नाही, थप्पीवर. ओल्या फळ्या कापून आल्या की त्या एकावर एक रचायच्या, आणि प्रत्येक थराच्या मध्ये बारीक पट्ट्या ठेवायच्या, म्हणजे मधून वारा खेळतो आणि फळी न वाकता सुकते. गिरणीत त्यांना सगळे थप्पीमास्तर म्हणायचे. घरी बसायला लागल्यावरही ते थप्पीमास्तरच राहिले. मी घासलेली ताटं मला न विचारता परत रचून ठेवतात. सुरुवातीला मी चिडायचे, आता त्यांच्यासाठी मुद्दाम वेडीवाकडी ठेवते.

हे घर त्यांनी स्वतः बांधलं. त्यामुळे भिंतीचा विषय निघाला की ते म्हणायचे, "लाकडाला लाकूडच लागतं." नवरा म्हणायचा, "बाबा, लाकूडच सडलंय." दोघंही बरोबर आणि दोघंही हट्टी. शेवटी नवऱ्यानं दुकानातून नमुने आणले. चांगल्या तेलकट लाकडाची फळी, प्लास्टिकची पट्टी, रंगीत पत्रा आणि सिमेंटची शीट. सासऱ्यांनी चारही तुकड्यांना भोकं पाडली आणि मागच्या झाडाला दोरीनं टांगली, बरोबर जिथं पाणी सतत गळतं तिथं. रोज सकाळी चहा हातात घेऊन बघायला जायचे. ठोकायचे, वास घ्यायचे, नखानं ओरखडायचे.

सासूबाई खिडकीतून बघायच्या. "माझ्या वडिलांनी स्थळाची एवढी चौकशी केली असती ना," त्या मला म्हणाल्या, "तर मी या घरात आलेच नसते." हसता हसता ढास लागली आणि मी त्यांची पाठ चोळत बसले.

प्लास्टिक फांदी आपटून तडकलं. पत्र्याला काही झालं नाही, पण त्यावर पाणी पडलं की असा आवाज व्हायचा की आजारी माणसाची झोप गेलीच म्हणून समजा. लाकूड फुगलं आणि कडेनं निळं पडलं. सिमेंटची शीट होती तशी राहिली. एके दिवशी सासरे तो तुकडा घेऊन आत आले, टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "घ्या. लाकूड हरलं." मग हात धुवायला गेले ते बराच वेळ नळ चालू ठेवून उभे राहिले. मला त्यांचं फार वाईट वाटलं.

शीट बसवणारा फिटर आला. त्यानं भिंत ठोकून बघितली आणि विचारलं, "आत काय भरलंय?"

"भुसा," सासरे म्हणाले. "लाकडाचा. कोरडा खडखडीत. मी स्वतः भरलाय."

मुलं लहान असताना थंडी फार, म्हणून त्यांनी गिरणीतून पोतीच्या पोती खांद्यावर आणून आतल्या आणि बाहेरच्या फळीमधली पोकळी गच्च भरली होती. आसपास इतकं उबदार घर दुसरं नव्हतं, हे मी लग्न झाल्यापासून ऐकत आले होते.

फिटर म्हणाला, "जुन्या फळ्या काढतो, आत काय आहे ते बघतो. मग उभ्या पट्ट्या मारून त्यावर शीट बसवतो. मागे बोटभर फट राहते, वारा फिरतो."

"फट?" सासरे म्हणाले. "भिंतीला फट? माझ्या बायकोला गार वारा लागतोय म्हणून तर हा खटाटोप चाललाय."

"बाबा, तुम्हीच थप्पीत पट्ट्या ठेवायचात ना?" मी म्हणाले.

"ती थप्पी असते. हे घर आहे," ते म्हणाले. "आणि माझ्या फळ्या काढायच्या नाहीत. वरून काय लावायचं ते लावा."

आता आमच्या घरात भांडण मिटवायची एकच रीत आहे: अर्धं तुझं, अर्धं माझं. बाहेरच्या खोलीच्या दोन भिंती पिवळ्या आणि दोन निळ्या आहेत ते याचमुळे. टीव्हीचा आवाजसुद्धा असा मधला ठेवतात की कोणालाच धड ऐकू येत नाही. नवऱ्यानं मला बाजूला घेतलं. "त्यांनी लाकूड सोडलं," तो म्हणाला. "एवढं त्यांचं ऐकायला नको का?" सरळ मनानं म्हणाला तो. बापाचा मान राखत होता. फिटरनं एकदा माझ्याकडे बघितलं, खांदे उडवले आणि म्हणाला, "घर तुमचं."

जुन्या फळ्यांवर प्लास्टिकचा कागद, त्यावर शीट, सांध्यात सिलिकॉन. सासरे स्वतः मागे उभं राहून प्रत्येक सांधा बोटानं तपासत होते. कुठं सुईएवढी जागा दिसली तरी हाक मारायचे, "इथं राहिलं बघ." काम झालं तेव्हा घर नव्या वहीसारखं दिसत होतं. शेजारचे बघायला आले. सासूबाई शाल गुंडाळून बाहेर आल्या, भिंतीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "अहो, आपल्यापेक्षा हीच तरुण दिसते." सासरे त्या दिवशी दोन चपात्या जास्त जेवले.

पाऊस आला. बाहेरून थेंब आत येईना, हे खरं. पण खोलीतला वास वाढला. आधी आम्ही नव्या सिलिकॉनला दोष दिला, मग पांघरुणांना, मग खिडकी उघडी ठेवतात म्हणून सासूबाईंनाच. सासऱ्यांनी खिडकीच्या कडांनाही सिलिकॉन मारून घेतलं. खोकला वाढला. पलंगावरून उठून न्हाणीघरापर्यंत जाताना त्या मध्ये दोनदा थांबायला लागल्या. नणंद रोज फोन करायची, "आईला पाठव इकडे." नवरा म्हणायचा, "भिंत नवीन आहे, जरा वेळ दे." भिंतीला कसला वेळ द्यायचा? ती काय नवी नवरी होती, रुळायला?

एका दुपारी सासूबाई स्वयंपाकघरात शेगडीजवळ बसल्या होत्या. त्यांची गोळ्यांची पाकिटं त्यांच्या खोलीत, उत्तरेच्या भिंतीला टेकलेल्या कपाटामागे पडली होती, म्हणून मी कपाट पुढे ओढलं. कपाटाची पाठ माझ्या हातातच आली. ओली, लिबलिबीत, पांढऱ्या केसाळ बुरशीनं भरलेली. मागच्या भिंतीची आतली फळी फुगून पोट आल्यासारखी दिसत होती. माझं डोकं फिरलं. मी कोणाला हाक मारली नाही. सरळ मोठा स्क्रूड्रायव्हर आणला, फळीच्या सांध्यात घातला आणि सगळा जोर लावला.

फळी सुटली आणि आतून भुसा बाहेर आला. भुसा कसला, काळा चिखल. धपकन माझ्या पायावर पडला. हात लावला तर कोमट लागला. जुन्या सडक्या फळ्यांतून कित्येक वर्षं पाणी मुरत होतं, पण त्या फळ्यांनाच शंभर भेगा होत्या, म्हणून थोडं सुकतही होतं. आम्ही त्या भेगा बुजवल्या होत्या. ओल आत कोंडून घालून तिला जायला एकच वाट ठेवली होती, खोलीत. तिथं सासूबाई उशाशी भिंत घेऊन झोपत होत्या.

मागे वळले तर सासरे दारात. किती वेळ उभे होते माहीत नाही. मला खूप बोलायचं होतं. जिभेवर आलं होतं सगळं. पण त्यांचा चेहरा बघून मी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.

ते वाकले, मूठभर भुसा उचलून पिळला. पाणी निघालं. "फळ्या सुकवण्यात जन्म गेला माझा," ते म्हणाले. "एवढंसं कळलं नाही."

सासूबाई भिंतीला धरत धरत आल्या होत्या. श्वास घेत घेत म्हणाल्या, "पोती मी धरली होती. तुम्ही नुसते ओतत होतात. एकट्यानं सगळं नाव घेऊ नका."

त्या संध्याकाळच्या आत आम्ही त्यांना नणंदेकडे नेलं. जिन्यावरून खुर्चीत बसवून चढवलं. खोली कोरडी, स्वच्छ, मोठ्या खिडकीची. नवऱ्यानं आणि फिटरनं भिंत उघडायला घेतली. शीट उतरल्या, फळ्या उतरल्या. सासरे रोज घमेल्यानं भुसा काढून जंगलाच्या कडेला टाकायचे, कोणाला हात लावू द्यायचे नाहीत. आतले उभे खांबही निम्मे कुजले होते. तेही बदलले. यावेळी पट्ट्या, फट, जाळी, सगळं फिटर म्हणेल तसं करायचं ठरलं. अर्धं-अर्धं कोणी काढलं नाही.

मग पुढच्या तपासणीच्या वेळी डॉक्टरीणबाईंनी मला आणि नवऱ्याला बाहेर बोलावलं. बुरशी फुप्फुसात फार खोल गेली होती. "आता खोलीनं फरक पडणार नाही," त्या म्हणाल्या. "कुठल्याच खोलीनं."

सासूबाईंना कोणी सांगितलं नाही, पण त्यांना कळलं होतं. म्हणाल्या, "मला घरी न्या." नणंद रडायला लागली, "आई, तिथं भिंतच नाहीये गं." त्या म्हणाल्या, "मग मला आडवं न्यायला दाराची भानगड मिटली."

आणलं. दुसऱ्या कोणत्याही खोलीत झोपायला त्या तयार होईनात. उत्तरेची बाजू सबंध मोकळी होती. नुसते नवे खांब, आणि त्यांच्यापलीकडे झाडं. नवऱ्यानं ताडपत्री बांधली होती. सासूबाईंनी हातानं खूण करून ती वर करायला लावली. ओल्या मातीचा आणि पानांचा वास आत आला. सासरे पलंगाशी बसून होते. अंगावर दोन पांघरुणं घातली, तिसरं आणायला उठले.

"अगं, वारा लागतोय तुला. ताडपत्री सोडू का?"

"नको," त्या म्हणाल्या. "किती दिवसांनी श्वास घेतल्यासारखं वाटतंय."

खरं तर तसं काही नव्हतं, त्यांचे ओठ निळे पडले होते. पण त्या हसत होत्या, आणि सासरे पांघरूण तसंच हातात धरून उभे राहिले. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या गेल्या. आम्ही चौघं तिथंच होतो. एक पक्षी आत येऊन खांबावर बसला होता, त्याला हाकलायचं कोणाला सुचलं नाही.

फिटर काही दिवसांनी शीट घेऊन आला. त्याला कळलं होतं, तो बिचारा बोलायलाही कचरत होता. मी सांगितलं, काम तर करायलाच हवं, पाऊस आत येतोय. पलंगावरची गादी मी आधीच काढून टाकली होती. त्यानं पहिली शीट उचलून खांबाला लावली, तेवढ्यात सासरे बाहेरून आले आणि त्यांनी शीटवर हात ठेवला.

"जरा थांब," ते म्हणाले. "तिला वारा हवाय."

फिटरनं माझ्याकडे बघितलं. मी एरवी कोणाचं ऐकून घेणारी नाही. मी त्याला म्हणाले, "ठेव ती शीट खाली. चहा घे आधी."