डेल्मरच्या शेंगा

आमच्या केंटकीच्या डोंगरात अपंगत्वाची पेन्शन मागायला आलेला माणूस बागेतली भाजी आणल्याशिवाय राहत नाही. मी वकील म्हणून डेल्मरला दहादा बजावलं होतं, सुनावणीला काही आणू नका. खाणीत पाठ कामातून गेलेला हा गडी तरीही घेवड्याच्या शेंगांची टोपली घेऊन हजर! टोपली त्याच्या बायकोच्या, ओपलच्या, हातात होती, एवढंच माझं नशीब.

न्यायाधीशबाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "कुणी पिकवल्या?"

"मीच की!" डेल्मरने छाती फुगवली. मी कपाळाला हात लावला. दोन वर्षांची माझी मेहनत शेंगांत गेली!

"तू?" ओपल उसळली. "बाईसाहेब, तीन वर्षं हा खुर्चीत बसून नुसते हुकूम सोडतोय. खणते मी, तोडते मी. ह्याच्या पायात मोजेसुद्धा मीच चढवते!"

डेल्मरची मान खाली गेली. न्यायाधीशबाई भराभरा लिहीत होत्या.

पेन्शन मंजूर झाली. निकालपत्र हातात पडताच डेल्मरचा फोन आला.

"वकीलबाई, ह्यातलं ते मोज्यांचं तेवढं खोडायला अपील करता येईल का हो?"